आवाजावर आवाज

मुद्रितं तपासून झाली की डोळे शिणलेले असतात, वाचवत नाही, पण झोपही लगेच येत नाही. अशा वेळी मी काहीतरी ऐकत पडते. परवा रात्री असाच अझरबैजानमधल्या निज नावाच्या गावावरचा एक छोटा माहितीपट लावला. कॉकेशसच्या दक्षिण पायथ्याचं गाव, हेझलनटच्या बागांचं, उदी लोकांचं. अंगणात एक म्हातारी बाई मांडीवर परात घेऊन हेझलनट सोलत बसली होती. कॅमेऱ्याकडे न बघता ती बोलायला लागली. सुरुवातीची एक-दोन वाक्यं तिच्या आवाजात ऐकू आली: घशातून दाबून आलेली, मध्येच टक्कन तुटणारी अक्षरं. तेवढ्यात तिच्यावर एका पुरुषाचा भारदस्त रशियन आवाज चढला. बाई बोलतच होती. एका ठिकाणी ती खुदकन हसलीसुद्धा, पण नेमकं तेव्हाच निवेदक गंभीरपणे कुठल्याशा प्राचीन ख्रिस्ती राज्याबद्दल सांगत होता. खालची इंग्रजी अक्षरं निवेदकाचं बोलणं सांगत होती, बाईचं नाही. ती कशाला हसली ते काही कळलं नाही. मागे नेऊन पाहिलं, आवाज वाढवून पाहिलं. रशियन तेवढं मोठं झालं.

ते हसू डोक्यात अडकून बसलं.

दूरदर्शनवर वाढलेल्यांना हा प्रकार नवा नाही. पाड्यावरचा एखादा म्हातारा भिलीत किंवा गोंडीत बोलायला तोंड उघडायचा, चार शब्द कानावर पडायचे, आणि लगेच स्टुडिओतला धुतलेला आवाज 'येथील आदिवासी बांधव निसर्गाशी एकरूप होऊन' असं सुरू करायचा. माझी आजी धुळ्याकडची, घरात अहिराणी बोलणारी. असं काही लागलं की ती टीव्हीवर खेकसायची, "त्याले बोलू दे ना!" आम्ही नातवंडं हसायचो. तीच आजी कोणी शहरातला पाहुणा आला की आवाज बारीक करून, तोलून मापून, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची, आणि तो गेला की पदर सोडून मोठ्याने सुस्कारा टाकायची. त्या निजच्या बाईला कॅमेऱ्यासमोर तसं काही करावं लागलं नाही, तिची भाषा तिने सोडली नाही. ते काम तिच्यासाठी परस्पर दुसऱ्यानेच केलं.

त्या बाईची भाषा उदी. या भाषेचं सगळ्यात मोठं घर म्हणजे हेच निज. जवळच्या वार्ताशेनमध्येही उदी लोक होते. त्या गावाचं नाव आता ओग़ुझ आहे. तिसरं ठिकाण जॉर्जियात. वार्ताशेनहून निघालेल्या काही कुटुंबांनी १९२२ साली तिथे झिनोबिआनी हे गाव वसवलं. १९८९ च्या सोव्हिएत जनगणनेत सगळे उदी मिळून साडेआठ हजारांच्या थोडे वर भरले. २००९ च्या जनगणनेत अझरबैजानमध्ये उरले सुमारे ३,८००, आणि २०१० मध्ये रशियात चार हजारांवर. यातले सगळेच भाषा बोलतात असं नाही. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त माणसं राहत असतील. आजूबाजूला अझरबैजानी, आर्मेनियन, जॉर्जियन, या सगळ्या मोठ्या भाषा, आणि त्यांपैकी एकही उदीची नातलग नाही. तिचं कूळ ईशान्य कॉकेशसचं, लेझ्गी शाखेचं. बहुतेक भाऊबंद डोंगराच्या पलीकडे, रशियातल्या दागेस्तानात. त्यांतल्या बऱ्याच जणांकडे नामांचे वर्ग, म्हणजे आपल्या लिंगांसारखे, आणि त्यांचे नियम भरपूर आहेत. उदीने ती लिंगाची भानगडच कधीतरी टाकून दिली. 'तो टेबल' की 'ते टेबल' यावर लेखकांशी अर्धा तास हुज्जत घालून पोट भरणाऱ्या मला हे वाचून हेवा वाटला.

खरं तर मी उदी ऐकते ती समजावी म्हणून नाही. संशोधकांनी गावात बसून केलेली ध्वनिमुद्रणं आहेत, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत. त्यांत निवेदक नसतो, मागे कोंबडा आरवतो, कोणीतरी दार लावतं. मला आवडतात ते तिचे आकडे. सा, पा, ख़िब, बिप, क़ो, उक़, वुग़, मुग़, वुय, विच. देवनागरीत उतरवताना तारांबळ उडते, पण काही ठिकाणी आपली लिपी आणि आपला कान चक्क उपयोगी पडतात. 'बिप' म्हणजे चार. त्यातला पहिला ब आणि शेवटचा प. कॉकेशसमधल्या कित्येक भाषांत असा प, त, क घसा बंद करून फटकन उडवतात. जॉर्जियन गाणी ऐकताना ती फटफट सहज ओळखू येते. उदीत हा उडवा बराच मवाळ झाला आहे. उरला आहे तो हवा न सोडता घट्ट म्हटलेला प, आणि त्याच्या शेजारी हवा सोडून म्हटलेला दुसरा, आपल्या जुन्या फ च्या जवळचा. ब, प, फ असा तिघांचा संसार. इंग्रजीच्या कानाला यांतला शेवटचा फरक महाप्रयासाने शिकावा लागतो, आपण तो बाराखडीत गिरवलेला असतो. जुना फ म्हणते, कारण हल्ली आपला फ ओठांतून फुटत नाही, दातावर घासून निघतो. 'फुल' म्हणताना पुण्यातली पोरं इंग्रजी 'फूल'च म्हणतात. उदी शिकायची वेळ आली तर त्यांची पंचाईत होईल.

'विच' म्हणजे दहा, आणि त्यातला च हा 'चार'मधला नाही, 'चारा'मधला आहे. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो आणि कोणी अडत नाही. परदेशातून मराठी शिकायला आलेला विद्यार्थी तेवढा अडतो. उदीला मात्र एवढ्यावर समाधान नाही. 'चारा'तला च वेगळा, 'चार'मधला वेगळा, आणि या दुसऱ्याचाही एक आवळलेला भाऊ आहे, जीभ आणि घसा ताणून म्हटलेला. श चंही तसंच, एक मोकळा आणि एक घट्ट. श आणि ष वेगळे उच्चारायचे असतात हे आपल्याला गुरुजींनी सांगितलं होतं, आपण ऐकलं आणि सोडून दिलं. मी रोज कितीतरी वेळा चुकलेला ष दुरुस्त करते, पण तो ओठांनी म्हणून दाखव म्हटलं तर मला खात्रीने जमणार नाही. उदी मुलाला यातलं काहीही सोडून देता येत नाही, कारण त्याच्या शब्दांचे अर्थ त्यावर टांगलेले आहेत.

आणि मग ते स्वर. 'पा' म्हणजे दोन, 'उक़' म्हणजे सहा, 'वुग़' म्हणजे सात. मी साधे आ आणि उ लिहिले आहेत, पण ते साधे नाहीत. क़ आणि ग़ चं विशेष वाटत नाही, गझला ऐकलेल्या कानाला ते ओळखीचे आहेत. स्वर मात्र कानाला अडवतात. जिभेचं मूळ मागे खेचलं जातं, घसा आक्रसतो, आणि त्या अरुंद जागेतून स्वर बाहेर येतो. डॉक्टर चमचा आत घालून 'आ करा' म्हणतात तेव्हा आपला जो आ निघतो, तसा काहीसा. फक्त तो नकोसा, ओकारीचा नसून सहज, रोजच्या बोलण्यातला. मी हा स्वर बाथरूममध्ये काढून पाहिला आहे. नवऱ्याने बाहेरून विचारलं, बरं वाटत नाहीये का. मग मी पुन्हा ध्वनिमुद्रण लावलं. त्यातली बाई 'दोन' म्हणते तेव्हा त्या आ ला एक काळोखी गोलाई असते. घसा दिसत नाही, पण ऐकू येतो. पन्नास-साठ वर्षं त्याच हवेत, त्याच पाण्यावर बोलून घोटलेला तो आवाज आहे. माझ्या आ ला तो पोत येणं शक्य नाही.

विसाच्या पुढे गणित आणखी ओळखीचं होतं. वीस म्हणजे क़ा, आणि चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा: ख़िबक़ो. आजी पैसे मोजताना 'तीन विसा नि पाच' म्हणायची. तिला साठ येत नव्हतं असं नाही. विसाने मोजलं की चुकत नाही, असं तिचं म्हणणं.

व्याकरणातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिने भाषाशास्त्रज्ञांची झोप उडवली होती. 'तू बघतोस' म्हणताना शेवटी स येतो, तो कर्त्याची खूण. 'केलंस', 'गेलास', सगळीकडे तो शेपटाला. उदीतही अशी खूण आहे. 'मी' म्हणजे ज़ू, आणि त्याची खूण ज़. बघणे या क्रियापदाचं मूळ बेग़. हे आपल्या 'बघ'सारखं दिसतं तो निव्वळ योगायोग, त्यावरून कोणी आर्यांना कॉकेशसमध्ये पाठवू नये. तर 'मी बघते' म्हणायचं तर ज़ बेग़च्या मागे लागायला हवा ना? तो लागतो बेग़च्या पोटात: बेज़ग़सा. 'तो बघतो': बेनेग़सा. बे ला स्वतःचा अर्थ नाही, ग़ ला नाही; एक अखंड मूळ, त्याचे दोन तुकडे करून मध्ये कर्ता बसवलेला. मराठीत कोणी 'बघतोस'चं 'बसघतो' करून पाठवलं तर मी लाल पेनने पूर्ण ओळ खोडून समासात प्रश्नचिन्ह काढीन. खाणे म्हणजे उक, आणि 'तो खातो' म्हणजे उनेकसा; तिथेही तेच. शब्द हा अणूसारखा असतो, वाक्याची यंत्रणा त्याच्या आत हात घालू शकत नाही, असं भाषाशास्त्रात बरीच वर्षं धरून चालले होते. अ‍ॅलिस हॅरिस या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली उदीवर एक अख्खं पुस्तक लिहून दाखवून दिलं की हात घालता येतो, आणि निजमधली शाळकरी मुलं तो रोज घालतात.

मला त्याहून मोह पडतो तो या खुणेच्या चंचलपणाचा. वाक्यात नकार आला की ती क्रियापदातून बाहेर निघते आणि नकाराच्या 'ते'ला जाऊन चिकटते. प्रश्न आला की प्रश्नाच्या शब्दाला. जोर दुसऱ्या एखाद्या शब्दावर असला की त्याला. म्हणजे बोलणाऱ्याचं लक्ष जिथे, तिथे 'मी'. क्रियापदाच्या पोटात ती बसते ती जोर कुठेच वेगळा द्यायचा नसतो तेव्हा. ध्वनिमुद्रण ऐकताना अर्थ कळत नसला तरी हा ज़ कुठे उगवतो ते मी शोधत राहते, आणि तो सापडला की वाटतं, चला, निदान एवढं तरी कळलं, या बाईला आत्ता कशावर जोर द्यायचा आहे.

पण उदीबद्दल चार ओळी कुठेही वाचा, यातलं काही आधी येत नाही. आधी येतो सिनाईचा मठ.

गोष्ट आहेही तशीच, थरारक. पाचव्या शतकात कॉकेशसमध्ये तीन लिप्या घडल्या असं जुनं आर्मेनियन साहित्य सांगतं: आर्मेनियन, जॉर्जियन आणि तिसरी अल्बेनियन. हा अल्बेनिया युरोपातला नव्हे, आजच्या अझरबैजानच्या भूमीवरचा, आणि त्याची भाषा उदीची पूर्वज मानतात. पहिल्या दोन लिप्या टिकल्या, तिसरी गडप झाली. १९३७ साली जॉर्जियन संशोधक इलिया अबुलाद्झे यांना पंधराव्या शतकातल्या एका आर्मेनियन हस्तलिखितात तिची मुळाक्षरं सापडली, नावांसकट, ५२ अक्षरं. मग अझरबैजानातल्या मिंगेचेव्हिरला धरणासाठी उत्खनन झालं, त्यात काही दगड आणि दिवठणी मिळाल्या, त्यांवर थोडी अक्षरं. अक्षरं माहीत, मजकूर नाही, अशी ही स्थिती. इजिप्तमधल्या सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीनच्या मठात १९७५ साली आग लागली आणि एका भिंतीआड विसरली गेलेली हस्तलिखितं बाहेर आली. त्यातली काही जॉर्जियन होती, होरपळलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. १९९६ मध्ये जॉर्जियन अभ्यासक झाझा अलेक्सिद्झे यांच्या लक्षात आलं की दोन पोथ्यांमध्ये दहाव्या शतकातल्या जॉर्जियन ओळींच्या खाली आणखी काही आहे. चर्मपत्र महाग, तेव्हाच्या लेखनिकाने जुनी अक्षरं खरवडून काढली आणि वर नवा मजकूर लिहिला. खाली होती ती तिसरी लिपी. ख्रिस्ती उपासनेतली वाचनं आणि बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान. गिपर्ट, शुल्झे, अलेक्सिद्झे आणि माए या चौघांनी २००८ साली ती वाचून दोन जाडजूड खंडांत छापली.

खरवडलेलं वाचणं हे माझ्या धंद्यातल्या माणसाला स्वप्नासारखं. मीही या गोष्टीच्या ओढीनेच उदीपर्यंत आले, रात्र रात्र त्या पानांची छायाचित्रं बघितली. अतिनील प्रकाशात फिकट झालेला एक उभट वाकडा अक्षराकार वरच्या जॉर्जियन अक्षराच्या गोलाईतून डोकावतो, आणि वरचं काळं इतकं ठसठशीत असतं की डोळा पुन्हा पुन्हा तिकडेच घसरतो. घसरू न देणं हेच काम. त्या लिपीत, वर सांगितलेल्या घशातल्या स्वराच्या आवळण्याला स्वतंत्र अक्षर आहे. आज जो आवाज स्वरात विरघळलेला आहे त्याला तेव्हा पानावर स्वतःची जागा होती. हे मला फार भारी वाटतं, ते कबूल.

पण ती पानं वाचली कशी गेली? बायबलमधली नावं आणि ओळखीचे उतारे हा एक आधार. दुसरा आधार उदी. पानावर ज़ू दिसला तर तो 'मी', कारण निजमध्ये आजही लोक ज़ू म्हणतात. भाषा बदलली, व्याकरणाचे सांधे हलले, तरी जुन्या ओळीत अडकलेल्या विद्वानाला हात मिळाला तो याच बोलीचा. तिफ्लिसला, म्हणजे आजच्या त्बिलिसीला, १९०२ साली वार्ताशेनचे सेम्योन बेझानोव्ह यांनी केलेलं शुभवर्तमानांचं उदी भाषांतर छापलं गेलं. म्हणजे योहान दोनदा, एकदा खरवडलेला आणि एकदा छापलेला, मध्ये हजाराहून जास्त वर्षं, आणि त्या हजार वर्षांत बहुतेक काळ काहीच लिहिलेलं नाही. तो पूल चालता ठेवला तो बागेत राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, पोरांना रागावणाऱ्या माणसांनी. पोथी सापडल्याचं श्रेय पंडितांना रास्तच आहे. पण तो माहितीपट पाहताना मला जाणवलं की हिशेब उलटा मांडला जातोय. पोथीमुळे बाई महत्त्वाची, असं तो निवेदक म्हणत होता. मला वाटतं बाईमुळे पोथी वाचता आली.

'वारस' हा शब्द उदी लोकांना इतक्यांदा चिकटवला गेला आहे की त्यांचं स्वतःचं असं काही असू शकतं हे लोक विसरतात. आणि वारसा म्हटलं की भाऊबंदकी आली. जुनी अल्बेनियन धर्मपीठाची गादी रशियन साम्राज्याने १८३६ साली बंद केली आणि तिची मंडळी एचमियाद्झिनच्या आर्मेनियन चर्चखाली गेली. निजचे उदी त्या परंपरेतले, वार्ताशेनचे बरेचसे जॉर्जियन ऑर्थोडॉक्स. आर्मेनिया आणि अझरबैजानमधला काराबाखचा संघर्ष पेटल्यावर ज्यांची आडनावं किंवा चर्च आर्मेनियन वळणाचं, त्यांच्यावर संशय आला. वार्ताशेनचे बहुतेक उदी त्या काळात गाव सोडून गेले. जुनी देवळं अल्बेनियन की आर्मेनियन हा वाद तिथे आजही हत्यारासारखा वापरतात, दोन्ही बाजूंनी. २००३ साली अझरबैजानमध्ये अल्बेनियन-उदी ख्रिस्ती समाजाची नोंदणी झाली. निजमधल्या एका जुन्या चर्चचा नॉर्वेच्या पैशातून जीर्णोद्धार झाला, २००६ मध्ये ते उघडलं. त्या कामात भिंतीवरचे आर्मेनियन लेख घासून काढले गेले. नॉर्वेजियन देणगीदार नाराज झाले, त्याची बातमीही झाली.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले. सिनाईच्या लेखनिकाला निदान चर्मपत्राची टंचाई होती. आणि गावातल्या माणसांचं काय? त्यांना प्रार्थनेला छप्पर हवं होतं, ते मिळालं, यात मला दूर बसून नाक मुरडण्याचा अधिकार नाही. त्यांच्याकडे निवडीला फार जागा नव्हती. तरी घासलेला दगड मला सोसत नाही. दोन्ही वाटतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटतं.

लिपीचंही तसंच. १९३४ साली काळ्या समुद्राकाठच्या सुखुमीला जेइरानिशविली बंधूंची उदी बाराखडी निघाली, लॅटिन अक्षरांत. १९७४ सालचा वोरोशिल गुकास्यान यांचा शब्दकोश सिरिलिकमध्ये. नंतर १९९० च्या दशकात अझरबैजानात पुन्हा लॅटिन, नव्या वळणाची. निजच्या शाळेत प्राथमिक वर्गांना ती शिकवतात. रशियात राहणारे सिरिलिकमध्येच लिहितात. ती ५२ अक्षरांची जुनी लिपी आता संगणकावरही आहे. युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत, २०१४ साली, तिचा समावेश झाला. त्याच आवृत्तीत आपली मोडीही आली. मला हे कळलं तेव्हा फार मजा वाटली: पुण्याच्या दफ्तरातली मोडी आणि सिनाईच्या पोथीतली अल्बेनियन, एकाच यादीत, एकाच वर्षी. मोडीचे वर्ग मी केले आहेत, जुनी खतपत्रं वाचायला ती लागतेच. म्हणून कोणी उद्या मुलांना मराठी मोडीतून शिकवा म्हणाला तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवीन. उदींनाही कोणी ५२ अक्षरांची भुरळ घालू नये असं मला वाटतं. शाळेत आठवड्याचे मोजके तास मिळतात, ते वाचायला-लिहायला लागोत.

फोन हातात आल्यावर लिपीची ही अडचण लोक आपल्या परीने सोडवत असणार. रशियात रोस्तोव्हकडे राहणाऱ्या नातवाला लॅटिन उदी वाचायला जड, निजच्या आजीला सिरिलिक टंकायचा कंटाळा; आवाज भरून पाठवला की काम भागतं. मध्ये कोणी निवेदक नाही. बोलणं काय असणार, हेझलनटचा भाव, कोणाचं लग्न ठरलं, कोण पैसे बुडवून पळालं. त्यात अझरबैजानी आणि रशियन शब्द सर्रास पडत असतील, आणि पडोत. शुद्धतेची काळजी करायला मुद्रितशोधक आहेत. नातवाने दोनचा 'पा' साध्या आ ने म्हटला तर आजी झापत असेल. आणि मूळची वार्ताशेनची एखादी मावशी त्याच गटात असेल, तर तिने निजवाल्यांच्या उच्चारांना नावं ठेवायला सुरुवात केली असेल, तेही अगदी हिरिरीने, जसं आम्ही पुण्यात बसून नागपूरकरांच्या 'करून राहिलो'ला ठेवतो.